नव्या शहरात मॉडेल रेल्वे क्लब कसा शोधायचा? (पुणे ते सॅन डिएगो)

घाटमाथा
मंडळी, नमस्कार. फेब्रुवारीत नोकरीपायी पुण्याहून अमेरिकेत सॅन डिएगोला आलो. घर लागलं, मुलीची शाळा सुरू झाली, गाडीचं लायसन्सही निघालं. पण संध्याकाळी घरी आलो की हात रिकामे राहतात.

छंद मॉडेल रेल्वेचा. १९९८ साली कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू झालं, तेव्हा मी सातवीत होतो. बाबा घेऊन गेले होते. भाऊ जोशींनी उभं केलेलं ते अख्खं शहर, त्यातले सिग्नल, एकमेकांना चुकवत जाणाऱ्या गाड्या बघितल्या आणि तेव्हापासून हे वेड सुटलं नाही. पुढे चिंचवडच्या घरात माळ्यावर आठ फूट बाय चार फुटांच्या प्लायवूडवर मी माझा लेआउट, म्हणजे रूळ, स्टेशन, डोंगर असा मांडलेला देखावा केला. माप एचओ, म्हणजे १:८७. तो आता भावाच्या ताब्यात आहे. येताना कपड्यांत गुंडाळून दोन इंजिनं आणि अकरा डबे तेवढे आणले.

पुण्यात माझा क्लब असा नव्हता. आम्ही तिघे मित्र, एकाच्या घरी रविवारी बसायचो. इथे क्लब असतात हे माहीत आहे, पण ओळखदेख नसताना तिथे जायचं कसं? काय विचारायचं? आणि मुख्य म्हणजे मला बोरघाट करायचा आहे. आजोळ कर्जतचं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या बँकर इंजिनांचा, म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या जादा इंजिनांचा आवाज ऐकत मी मोठा झालो. अमेरिकेतल्या क्लबात कर्जत-लोणावळा कोण चालवू देईल?

सदर्न_सांगलीकर
घाटमाथा, तुम्ही नेमके योग्य गावात येऊन पडला आहात. मी सॅन होजेला असतो, पण दर वर्षी एकदा सॅन डिएगोला चक्कर होतेच, आणि ती फक्त एका जागेसाठी.

बाल्बोआ पार्कात कासा दे बाल्बोआ नावाची इमारत आहे. तिच्या तळघरात सॅन डिएगो मॉडेल रेल्वे म्युझियम आहे, १९८२ पासून. जागा सुमारे २७,००० चौरस फूट. पण ते नुसतं संग्रहालय नाही. आतले लेआउट वेगवेगळ्या क्लबांनी बांधले आहेत आणि तेच लोक ते चालवतात. एचओ आहे, त्याहून लहान मापाचं एन आहे, आणि तीन रुळांवर चालणाऱ्या जुन्या खेळण्यातल्या गाड्याही आहेत. म्हणजे एका छपराखाली तुम्हाला तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटतील.

त्यातला ला मेसा क्लबचा तेहाचापी घाटाचा लेआउट आधी बघा. तेहाचापी म्हणजे कॅलिफोर्नियाचा बोरघाट समजा. १८७६ साली पुरा झाला. तिथे चढण सोसावी म्हणून रूळ डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच डोक्यावरून जातो. त्या एका वेढ्यात गाडी ७७ फूट वर चढते. मालगाडी लांब असेल तर तिचं तोंड वरच्या रुळावर आणि शेपूट खालच्या बोगद्यात, असं दृश्य दिसतं. आणि मागे ढकलायला जादा इंजिनं लावतात! इकडे त्यांना हेल्पर म्हणतात, आपण बँकर म्हणतो. कर्जतच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

निवृत्त_स्टेशनमास्तर
धागा वाचून फार आनंद झाला. माझी सगळी नोकरी मध्य रेल्वेत गेली, त्यातली काही वर्षं घाटाच्या पायथ्याशी. थोडी भर घालतो. बोरघाट १८६३ चा, म्हणजे तेहाचापीपेक्षा तेरा वर्षांनी थोरला. सर्वांत अवघड चढण ३७ ला १. इंजिनीअर मंडळी टक्क्यांत बोलतात, त्या हिशेबाने २.७. तेहाचापी दोनाच्या जरा वर आहे. म्हणजे आपला घाट जास्त उभा. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि पुढचं काम त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने तडीस नेलं. हजारो मजुरांनी त्या डोंगरात जीव गमावला. मॉडेल करताना ही गोष्ट मुलीला सांगा.

लंडनकर_शून्यशून्य
माझा अनुभव विलायतेतला, पण क्लब शोधण्याची रीत सगळीकडे सारखीच असावी.

इथे किंग्ज क्रॉसजवळ कीन हाउसमध्ये द मॉडेल रेल्वे क्लब आहे, १९१० साली स्थापन झालेला, जगातला सर्वांत जुना. मी लंडनला आलो तेव्हा आधी तेच नाव ऐकलं होतं. पण मी राहतो त्या बाजूने रात्री परत येणं जमेना, म्हणून शेवटी घराजवळच्या एका लहान क्लबात गेलो. चर्चच्या मागचा हॉल, अठरा-वीस माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. आज नऊ वर्षं झाली.

सांगायचं ते हे: प्रदर्शनाच्या दिवशी क्लब बघून ठरवू नका. त्या दिवशी लोक गर्दीत असतात, रुळावरून घसरलेला डबा उचलण्यात त्यांचा जीव अडकलेला असतो, तुमच्याशी बोलायला कुणाला सवड नसते. कामाची संध्याकाळ कुठल्या वारी असते ते विचारा आणि त्या दिवशी जा. तिथे कुणी खाली झोपून वायरी जोडत असतो, कुणी झाडं चिकटवत असतो. "धरू का?" एवढं म्हणायचं. मी पहिल्या दिवशी दीड तास एका आजोबांसाठी बॅटरी धरून बसलो होतो. पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवली.

मापाचं म्हणाल तर इथे बहुतेकांचं ओओ, १:७६. रुळांमधलं अंतर मात्र एचओचंच, साडेसोळा मिलिमीटर. त्यामुळे माझे पुण्याहून आणलेले डबे इथल्या रुळांवर धावतात, फक्त शेजारच्या डब्यांपुढे अंगाने लहान दिसतात.

कट्ट्यावरचा
वेगळं मत मांडतो. क्लबच्या मागे लागूच नका. वर्गणी, मीटिंगा, कुणाचं कुणाशी पटत नाही, आणि दहा वर्षं दुसऱ्याच्या लेआउटचे रूळ पुसायचे. एक खोली असेल तर घरीच भिंतीला फळी ठोका आणि आपला घाट आपण करा. मी नाशिकला तेच केलं. कुणाला विचारावं लागत नाही.

लंडनकर_शून्यशून्य
@कट्ट्यावरचा, तुमचा लेआउट मी फोटोंत बघितला आहे आणि तो सुरेखच आहे. पण घाटमाथा नव्या गावात एकटे आहेत. त्यांना रूळ हवे आहेतच, माणसंही हवी आहेत.

घाटमाथा
सर्वांचे मनापासून आभार. पहिला प्रयत्न करून आलो, तो सांगतो.

म्युझियमला जायच्या आधी घराजवळ म्हणून एका दुसऱ्याच लहान क्लबात गेलो. नाव घेत नाही. चाळीस मिनिटं उभा होतो. एकाने मान हलवली, बाकी कुणी विचारलं नाही की बाबा तू कोण, कुठून आलास. मी धीर करून पिशवीतून माझं इंजिन काढलं तर एक गृहस्थ म्हणाले, इथे फक्त १९५० च्या दशकातली अमेरिकी गाडी चालते. नियम असेल, मान्य आहे. पण ते इंजिन परत रुमालात गुंडाळताना फार वाईट वाटलं. घरी येऊन बायकोला म्हटलं, राहू दे आता.

त्यात आणखी एक. माझा पुण्याचा कंट्रोलर, म्हणजे रुळांना वीज देऊन वेग कमी-जास्त करणारी पेटी, इथे लावला तर इंजिन जेमतेम सरकतं. मोटर गेली की काय?

डाखकाम
मोटर गेलेली नाही, काळजी करू नका. तुमचा कंट्रोलर २३० व्होल्टचा, अमेरिकेतली वीज १२० ची. आतला ट्रान्सफॉर्मर साधा असेल तर जिथे बारा व्होल्ट निघायचे तिथे सहाच निघतात. इथलाच एखादा कंट्रोलर घ्या.

आता पुढच्या क्लबात जाण्याआधी तीन गोष्टी घरी करून जा. मी बॉस्टनच्या बाजूला एका क्लबात डबे तपासणारा माणूस आहे, म्हणून अधिकाराने सांगतो.

पहिली, चाकं. एनएमआरए ही इथली मॉडेल रेल्वेवाल्यांची राष्ट्रीय संघटना, १९३५ साली मिलवॉकीत सुरू झालेली. तिने मापं ठरवून दिली म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एका रुळावर चालतात. ती मापं तपासायला पत्र्याची चपटी पट्टी मिळते, खाचाखाचांची, खिशात मावेल एवढी. एका खाचेत दोन्ही चाकं बरोबर बसली पाहिजेत. चाकं केसभर जरी आत सरकलेली असली तरी साध्या रुळावर डबा छान पळतो आणि सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे आला की उडतो. मग मालक सांध्याला दोष देतो. चाक धरून, हलकेच पिळत बाहेर ओढायचं, परत पट्टी लावायची. अकरा डब्यांना एक संध्याकाळ पुरते.

दुसरी, वजन. एचओला हिशेब असा: एक औंस, अधिक डब्याच्या दर इंचाला अर्धा औंस. सहा इंची डबा म्हणजे चार औंस, सुमारे ११३ ग्रॅम. हलका डबा लांब गाडीत मधे लागला तर वळणावर आत कलंडतो. तुम्हाला तर घाट करायचा आहे, मागून ढकलणार आहात. हलका डबा टिकणारच नाही. डब्याच्या आत तळाला शिशाचा तुकडा किंवा नट चिकटवा.

तिसरी, डिजिटल असेल, म्हणजे प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देता येत असेल, तर इंजिनाचा पत्ता. कारखान्यातून प्रत्येक इंजिन ३ नंबर घेऊन येतं. तो न बदलता क्लबात नेलं आणि दुसऱ्या कुणाचंही ३ वरच असलं, तर एकाने बटण फिरवलं की दोन्ही चालू लागतात. आमच्याकडे असं एक इंजिन टेबलाच्या कडेवरून खाली गेलं आहे.

चिऊची_आई
मधेच विचारते, माफ करा. आम्ही नागपूरहून बंगळुरूला आलो. मुलगी दहा वर्षांची आहे, तिला रेल्वेचं भारी वेड. ती स्टेशनवर डब्यांचे नंबर वहीत लिहून घेते. तिला अशा ठिकाणी घेतील का? आणि हे सगळं वाचून मला वाटतंय की सुरुवातच फार महाग आहे.

निवृत्त_स्टेशनमास्तर
ताई, तुमच्या मुलीला माझा आशीर्वाद. ती वही जपून ठेवा. रूळ आणि इंजिन नंतर आलं तरी चालेल. आधी पुठ्ठ्याचं स्टेशन करू द्या. फलाट, नावाचा पिवळा फलक, त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची. ती उंची का लिहिलेली असते हे तिला शोधू दे.

हट्टाने_एन
ताई आणि घाटमाथा, तुम्हा दोघांनाही उपयोगी पडेल असं सांगते. (मी टेक्सासात, डॅलसजवळ.)

टी-ट्रॅक नावाचा प्रकार आहे. एन मापाचा, म्हणजे १:१६०, रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. कल्पना जपानी हौशी लोकांकडून अमेरिकेत आली. जपानमधल्या घरांत जागा कमी, म्हणून लहान लहान पेट्या करायच्या. सगळ्यांत साधी पेटी ३०८ मिलिमीटर लांब, म्हणजे फूटभर. वरती काटो या जपानी कंपनीचे रूळ, दोन मार्ग शेजारी शेजारी, त्यांतलं अंतर ३३ मिलिमीटर. प्रत्येकाने घरी आपापली पेटी करायची आणि महिन्यातून एकदा लायब्ररीत किंवा एखाद्या हॉलमध्ये टेबलावर सगळ्यांनी खटाखट जोडायच्या. माझ्या पेटीच्या एका बाजूला कोलोरॅडोचा डोंगर असतो, दुसऱ्या बाजूला टोकियोचा फलाट. माझ्या पेटीवर काय आहे? मिरज जंक्शनचं एक टोक, चहाच्या टपरीसकट. आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. उलट लोक सगळ्यात जास्त तिथेच थांबतात आणि टपरीवरच्या माणसाच्या हातात काय आहे ते विचारतात.

घाटमाथा, तुम्हाला नको म्हणणाऱ्या त्या क्लबाचाही राग धरू नका. काही क्लब एक ठरावीक काळ, एक ठरावीक मार्ग घेऊन जीव ओतून काम करतात. तिथे डेक्कन क्वीन खरंच बसणार नाही. तुम्हाला पेट्यावाले लोक हवेत.

घाटमाथा
तीन आठवड्यांनी लिहितोय, पण भरपूर घेऊन आलोय.

बाल्बोआ पार्कात गेलो. तेहाचापीचा तो वेढा समोर बघितला आणि पाय हलेनात. सदर्न_सांगलीकर म्हणाले तसंच, एक मालगाडी स्वतःच्याच शेपटीवरून गेली. मागे दोन इंजिनं ढकलत होती. मुलगी म्हणाली, "बाबा, कर्जत." तिने कर्जत फक्त दोनदा पाहिलंय, तेही गाडीत वडे घेण्यापुरतं.

तिथे पट्ट्याची टोपी घातलेल्या एका आजोबांना विचारलं की शहरात पेट्या जोडणारे कुणी आहेत का. त्यांनी एका गटाचा पत्ता कागदावर लिहून दिला आणि सांगितलं की एनएमआरएचा सॅन डिएगो विभागही आहे, त्यांच्या बैठकींना पाहुणा म्हणून जाता येतं.

मग त्या गटाच्या कामाच्या संध्याकाळी गेलो. लंडनकरांचं ऐकून हातात काही दाखवायला नेलं नाही, फक्त माझी सोल्डरिंग गन आणि डाखेची गुंडाळी नेली. एका बाईंची पेटी बंद पडली होती, खालची वायर तुटलेली. मी म्हटलं, देता का? पाच मिनिटांचं काम. त्यांनी चष्मा वर करून डाखेचा जोड बघितला, बोटाने ओढून बघितला, आणि दुसरी पेटी पुढे सरकवली. मग तिसरी. रात्री नऊपर्यंत मी सात पेट्यांना डाख दिला. निघताना त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुझ्या गावचं काहीतरी आण."

डाखकाम, तुमची पट्टी घेतली. अकरापैकी चार डब्यांची चाकं आत होती. म्हणजे चिंचवडला सहा वर्षं मी त्या बिचाऱ्या सांध्यावर उगाच राग काढत होतो.

आता ठरलंय ते असं. एचओची इंजिनं कपाटात शोभेला. पेटी एनमध्ये, दुप्पट लांबीची, ६१८ मिलिमीटर. विषय बोरघाटातली ठाकूरवाडी. जागा लहान आहे म्हणून मधली लाइन सोडतोय, दोनच दाखवणार. एक अडचण आहे: आपल्या ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर, एनमध्ये ते साडेदहा व्हायला हवं, रूळ मात्र नऊचे. सगळं थोडं अरुंद दिसेल. हट्टाने_एन, तुम्ही मिरजला काय केलंत?

हट्टाने_एन
काहीच नाही. डबे १:१६० चे, रूळ नऊचे, आणि दीड मिलिमीटर सोडून दिला. फलाटाची कड जराशी पुढे आणली की नजर चाकांकडे जात नाही. तुम्ही खडी वापराल तेव्हा काळपट घ्या, आपल्या घाटातला दगड काळा आहे. इथली तयार मिळणारी खडी पिवळट-करडी असते आणि लगेच परदेश वाटतो.

कट्ट्यावरचा
घाटमाथा, अभिनंदन. मी वर जे लिहिलं त्यावर ठाम आहे, पण सात पेट्यांना डाख दिला हे वाचून बरं वाटलं. नाशिकहून तुम्हाला इगतपुरी घाटाचे दगडांचे फोटो पाठवतो. रंग जुळवायला उपयोगी पडतील, दगड एकाच जातीचा.

घाटमाथा
स्टेशनमास्तर काका, तुम्हाला एक विचारायचं होतं. पेटीवर ठाकूरवाडीची कॅच सायडिंग दाखवायची आहे. सांधा कुठल्या बाजूला लावलेला दाखवू? मुख्य मार्गाकडे की सायडिंगकडे? इथल्या बाईंनी विचारलं आणि मला खात्रीने सांगता येईना.

निवृत्त_स्टेशनमास्तर
सायडिंगकडे. निःशंक सायडिंगकडेच.

कॅच सायडिंग उतरणाऱ्या गाडीसाठी असते. ब्रेक लागले नाहीत तर गाडी मुख्य मार्गाने खाली सुटू नये म्हणून सांधा मुळात तिकडे धरलेला असतो. सायडिंग डोंगराच्या अंगाने वर चढत जाते, गाडीचा वेग तिथे आपोआप मरतो. ड्रायव्हरने गाडी आधी थांबवून दाखवायची. ती ताब्यात आहे हे दिसलं की मगच सांधा फिरतो आणि सिग्नल मिळतो. म्हणून तर घाट उतरताना आपल्या गाड्या आडरानात थांबतात आणि प्रवासी घड्याळं बघतात.

आणखी एक ध्यानात ठेवा. उतरणारी गाडी मुंबईकडे जाते, आणि मुंबईकडे जाणारी ती अप. घाट उतरत असली तरी अप. सायडिंग अप लाइनवर दाखवा. पेटीत रूळ सपाट असणार, मग सायडिंग मागच्या बाजूने वर चढवा, शेवटी वाळूचा ढीग आणि बफर. सांध्याजवळ एक माणूस उभा करा. हातात हिरवा झेंडा असेल, पण गुंडाळलेला.

घाटमाथा
गुंडाळलेला. लिहून घेतलं. वाळू मुलगी उद्या समुद्रावरून डबीत आणणार आहे, चाळणीतून काढून वापरतो.